काम की कंटाळा

गिऱ्हाईक हाकलून देऊन दुकान चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे चाचा. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या पुढे, रस्त्याला लागून त्यांचं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीवर पितळी चौकटीचं एक गोल घड्याळ, आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेलं लाकडी बाकडं. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. दारात पाय ठेवला की चाचा चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "काम की कंटाळा?"

काम म्हटलंत तर लगेच खुर्ची. कंटाळा म्हटलंत तर बोट बाहेरच्या बाकड्याकडे. "पंधरा मिनिटं बस तिथे. रस्ता बघ. मगे वाटलं तर आत ये." त्यांच्या आवाजात राग नसायचा. डॉक्टर जसा औषधाची वेळ सांगतो तसं सांगायचे आणि परत आपल्या कामाला लागायचे.

आता सायबर कॅफेत माणूस कंटाळा घालवायला नाही जाणार तर कुठे जाणार? अर्धी रत्नागिरी तेव्हा त्यासाठीच जात होती. त्यामुळे लोक खोटं बोलायचे. "काम, चाचा," म्हणायचे आणि आत जाऊन पत्ते खेळत बसायचे. एक निवृत्त कारकून मात्र खरं बोलायचे. रोज दुपारी यायचे, "कंटाळा," म्हणायचे आणि स्वतःच बाकड्यावर जाऊन बसायचे. पंधरा मिनिटांनी आत येण्याऐवजी तिथेच कुणाशी तरी गप्पा मारत तास काढायचे आणि घरी जायचे. दोन वर्षांत त्या गृहस्थांनी एकदाही कॉम्प्युटरला हात लावला नाही. चाचा म्हणायचे, "माझं सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक."

चाची वरून ओरडायच्या, "ह्यांचा धंदा म्हंजे आलेल्या माणसाला उठवून लावायचा. आणि उठला की विचारायचं, का गेला गो तो?"

चाचा आमच्या किनाऱ्यावरच्याच एका मुसलमान घरातले. बाप खलाशी, आजा खलाशी. हे शिकले आणि बोटीवर वायरलेस ऑफिसर झाले. पंचवीस-सव्वीस वर्षं मालवाहू बोटींवर कानाला हेडफोन लावून काढली. मग बोटींवर अशी यंत्रं आली की ती संकटात आपोआपच हाका मारू लागली, आणि तारेच्या कडकट्टाचं, खटका दाबून लहान-मोठ्या ठोक्यांत निरोप पाठवायचं काम जाणणारा माणूस नको झाला. साधारण नव्व्याण्णवच्या सुमाराला चाचा कायमचे घरी आले. येताना ते घड्याळ घेऊन आले.

कॅफेतला दुसरा छळ त्या घड्याळातून यायचा. त्याच्या तबकडीवर दोन ठिकाणी लाल फाका रंगवलेल्या होत्या. एक सव्वाच्या खुणेपासून पुढे तीन मिनिटं, दुसरी पाऊणच्या खुणेपासून पुढे तीन मिनिटं. हिरव्याही होत्या, पण त्यांचा आपल्याशी संबंध नाही. मिनिटकाटा लाल फाकेत शिरला की चाचा खुर्चीवरून उठायचे आणि म्हणायचे, "हात वर." की सहाच्या सहा माणसांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवायचे. तीन मिनिटं कुणी काही लिहायचं नाही, काही उघडायचं नाही. तासातून दोनदा. काटा बाहेर आला की चाचा बसायचे आणि खटाखट सुरू व्हायची.

बोटींचा तसा नियमच होता म्हणे. सगळ्या जगातल्या बोटींच्या वायरलेसवाल्यांनी त्या तीन मिनिटांत आपली बडबड बंद करायची आणि फक्त ऐकायचं. कुणी बुडत असेल, कुणाचा आवाज क्षीण असेल, तर तो त्या वेळेत ऐकू यावा. बोटी बदलल्या, नियम गेला, पण रत्नागिरीत मारुती मंदिरच्या पुढे तो चालूच राहिला. गावानं त्यांचं नाव 'तीनमिनिटवाले चाचा' ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

एकाच बाईला त्या नियमातून सूट होती. तिचा नवरा कुवेतला होता आणि आठवड्यातून एकदा ती पडद्यावर त्याला बघायला यायची. लाल फाक आली तरी चाचा तिला हात वर म्हणत नसत. मी भांडले, तेव्हा म्हणाले, "ती कुठे बडबडतेय? ती ऐकतेय. ऐकणाऱ्याला कशाला गप्प करायचं?"

आता माझं सांगते. मी पालीची. तोंडानं फटकळ, हे पालीत कुणालाही विचारा. बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाचा माझा एक पेपर राहिला होता, फिजिक्समधला, इलेक्ट्रॉनिक्सचा. बाकी सगळं सुटलं होतं. माझे वडील आमच्या तिथल्या शाळेत शिपाई. तिथे प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली होती आणि हेडमास्तरांनी बाबांना शब्द दिला होता, की डिसेंबरपर्यंत मुलीनं पास झाल्याचा कागद आणला तर तिचंच नाव पुढे पाठवतो. बाबांनी त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या बरण्या स्वतः घासायला सुरुवात केली. रविवारी सुट्टीच्या दिवशी शाळेत जायचे, काचेच्या बरण्या धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. आई म्हणाली, अहो, जागा अजून मिळायची आहे. ते म्हणाले, मिळेल तेव्हा घाण नको दिसायला.

ऑक्टोबरच्या परीक्षेच्या तयारीसाठी मला रत्नागिरीला आत्याकडे ठेवलं. आत्या दिवसभर नोकरीला. घरात मी, पुस्तक आणि भिंत. मी काही आळशी नव्हते हो. पहिले आठ दिवस मनापासून बसले. पण एकच पेपर, एकच पुस्तक, तेच ते सर्किट, आणि बोलायला चिटपाखरू नाही. दुपारी बारा ते पाच या वेळेचं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात का बघायला म्हणून मी चाचांकडे गेले. "काम की कंटाळा?" "काम," मी म्हटलं, आणि त्या दिवशी ते खरं होतं.

त्या काळी एक साइट निघाली होती. आपलं नाव, फोटो आणि गाव टाकायचं की लोक आपल्या पानावर येऊन दोन ओळी लिहून जायचे. कॉलेजातल्या मैत्रिणीनं मला तिथे घातलं. मी गाव पाली लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी नाशिकच्या कुणा अनोळखी मुलीनं विचारलं, 'गणपतीची पाली का?' मी तिला सांगितलं की ती पाली वेगळी, आमची कोल्हापूर रस्त्यावरची. तिनं हसरं तोंड पाठवलं. बस, एवढंच. पण आत्याच्या घरी परत आल्यावर सर्किटसमोर बसून मी विचार करत होते, की आता आणखी कुणी काही लिहिलं असेल का.

दुसऱ्या दिवशी गेले, कुणी काही लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिघांनी लिहिलं होतं. महिन्याभरात मला दोनशेच्या वर मित्र झाले, त्यातल्या निम्म्या जणांना मी पाली कुठली ते समजावून सांगत होते. कुणी लिहायचं, 'काय करतेस?' मी लिहायची, 'बोअर होतंय.' तोही लिहायचा, 'मला पण.' दोघांनी मिळून तास घालवायचा आणि दोघांचाही कंटाळा होता तिथेच.

एकदा हात वर करून बसले असताना मी चाचांना चिडून विचारलं, "तुम्हाला कंटाळ्याचा एवढा राग का?"

"राग नाही गो. ओळख आहे," ते म्हणाले. मग त्यांनी बोटीवरची गोष्ट सांगितली. बोटीवर किनाऱ्याची खबर फक्त वायरलेसच्या खोलीत येते. चारी बाजूंना पाणी. दिवसाला एकदा तरी प्रत्येक माणूस चाचांच्या दारात यायचा आणि विचारायचा, 'काही आलं का?' कप्तान यायचा, स्वयंपाक करणारा भंडारी यायचा, इंजिनवाला तेलकट हातानं यायचा. येणार काय? काही नाही. तरी विचारायचे. आणि एखाद्याच्या नावानं महिन्यातून एकदा तार आली, मुलगा झाला, आई बरी आहे, असं काही, की तो माणूस त्यापुढे दर तासाला दारात उभा. "गरी टाकून बसलेला माणूस बघितलास ना? गरीला रोज मासा लागला तर तो पिशवी भरून घरी जाईल. कधीच नाही लागला तरी शिव्या देऊन घरी जाईल. कधीतरी लागतो, म्हणून बसून राहतो. संध्याकाळ झाली तरी उठत नाही. मासा नको असतो त्याला. ओढ लागली का, तेवढंच बघायचं असतं."

मी हसले आणि म्हटलं, "मग तुम्ही हे दुकान कशाला काढलंत?" ते म्हणाले, "मला दुसरं काय येतं? दारात बसून लोकांची खबर आली का बघायची, एवढंच येतं."

त्यांच्या बोटांना एक सवय होती. चहाचा ग्लास असो, टेबलाची कड असो, स्वतःचा गुडघा असो, उजव्या हाताचं मधलं बोट सारखं वाजवत असायचे. नीट ऐकलं तर तोच तोच ठेका. मी एकदा विचारलं, हे काय वाजवता? "एका बोटीचं नाव," ते म्हणाले आणि विषय बदलला. प्रत्येक बोटीला वायरलेसवर चार अक्षरांचं नाव असतं, एवढं मला तोवर त्यांनीच सांगितलं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमचं वाजलं. लाल फाक चालू होती आणि माझ्या पानावर एक मोठं रंगात आलेलं संभाषण चालू होतं. मी हात मांडीवर ठेवल्यासारखे केले आणि हळूच एक-एक अक्षर दाबत राहिले. चाचांनी बघितलं. ते भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. सहाही पडदे काळे. कुणाचा अर्ज अर्धा भरलेला होता, तो बिचारा कपाळावर हात मारून बसला. मी उठले आणि म्हटलं, "आम्ही काय तुमच्या बोटीवर आहोत?"

"असतीस तर बरं होतं. उडी मारून दुसरीकडे जाता आलं नसतं."

मी गेले. उडी मारून नव्हे, चांगली चपला घालून, चार दुकानं सोडून नव्या निघालेल्या कॅफेत. तिथे थंडगार हवा होती, प्रत्येकाला वेगळा कप्पा होता, कुणी काही विचारत नव्हतं. घड्याळ तर नव्हतंच. आत्याला मी सांगितलं होतं की अभ्यासाला चाचांकडे बसते. सकाळी आत्या ऑफिसला गेली की मी यायची आणि ती परतायच्या आधी घरी जायची.

बाबा दर रविवारी फोन करायचे. "कितवा धडा झाला गो?" पुस्तकात चौदा धडे होते. खरं म्हणजे मी दुसऱ्यावरच होते, पण भांडणानंतरच्या पहिल्या रविवारी पाचवा म्हटलं. मग पुढच्या रविवारी तोच कसा सांगणार? सातवा म्हटलं. मग नववा. अशी मी फोनवर झपाझप पुढे जात होते आणि बाबा तिकडे शाळेत मास्तरांना सांगत होते की पोर नववा धडा शिकतेय.

मग एका दिवशी दुपारी माझ्या कप्प्याच्या फळीवर बोटानं टकटक झाली. तोच ठेका. मान वळवून बघते तर चाचा. इस्त्रीची पांढरी पँट, दोरीला बांधलेला चष्मा, आणि त्या थंडगार खोलीत एकदम अवघडून उभे. "तुझे वडील माझ्या बाकड्यावर बसलेत," ते म्हणाले. "तास झाला. आत्यानं त्यांना सांगितलं की तू अभ्यासाला माझ्याकडे असतेस. मी म्हटलं, पुस्तक आणायला गेलीय, येईल."

मी धावतच गेले. बाबा बाकड्याच्या अगदी कडेला बसले होते, जणू मधली जागा दुसऱ्या कुणाची होती. मांडीवर कापडी पिशवी. चाचींनी दिलेला चहा पिऊन ग्लास त्यांनी नळावर धुऊन ठेवला होता. पिशवीतून त्यांनी कोऱ्या चिकटपट्ट्या काढल्या. "बरण्यांची जुनी नावं पुसली गेलीत. माझं अक्षर बरं नाही. तू लिहून ठेव, मी पुढच्या फेरीला नेतो." मग नेहमीसारखंच विचारलं, "कितवा धडा?"

चाचा दारातच उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "अकरावा."

बाबांचा चेहरा खुलला. चाचांना म्हणाले, "तुमच्यामुळे होतोय हो तिचा अभ्यास." आणि पालीची एसटी पकडायला निघून गेले. ते वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, चाचा आता बोलतील. त्यांनी मला बाकड्यावर बसवलं आणि बाजूला बसले. बराच वेळ गुडघ्यावर बोट वाजवत राहिले. मग म्हणाले, "हे नाव ज्या बोटीचं आहे ती आता नाही."

अरबी समुद्रातली गोष्ट. चाचा तेव्हा तिशीतले. दुपारची पाळी, पाणी तेलासारखं निवांत, काम काही नाही. त्या वेळी दुसऱ्या एका बोटीच्या वायरलेसवाल्याशी त्यांची दोस्ती जमली होती. तोंड कधी बघितलं नव्हतं, नावही ठाऊक नव्हतं, फक्त त्याच्या बोटीची चार अक्षरं आणि खटका दाबायची त्याची ढब. रोज दुपारी दोघं ज्या स्टेशनवर सगळ्या बोटी कान लावून असतात त्या ऐकायच्या जागेवरून सरकून बाजूच्या जागेवर जायचे आणि तासन्‌तास गप्पा. आज काय जेवलास, तुझ्या गावात पाऊस कसा पडतो, बायको काय लिहिते. कंटाळा, दुसरं काय. त्या दिवशी पावणेतीन वाजले, काटा लाल फाकेत शिरला. नियम असा की बटण फिरवून मूळ जागेवर यायचं आणि तीन मिनिटं ऐकायचं. "तो बिर्याणीबद्दल सांगत होता. मी म्हटलं, एवढं वाक्य संपू दे."

वाक्य संपलं तेव्हा काटा बाहेर आला होता. चाचांनी लॉगबुक पुढे ओढलं आणि रोजच्यासारखं लिहिलं, 'शांतता पाळली. काही ऐकू आलं नाही.'

दुसऱ्या दिवशी कळलं. एक जुनी लहान बोट, जिची चार अक्षरं ते गुडघ्यावर वाजवायचे तीच, त्याच वेळी हाक मारत होती. तिची हाक खूप लांबच्या एका जहाजानं ऐकली आणि ते पोचेपर्यंत उशीर झाला. चार माणसं मिळाली नाहीत. चाचांची बोट त्या जागेपासून दोन तासांवर होती.

"ऐकलं नाही, ही चूक गो," चाचा म्हणाले. "माणसाच्या हातून होते. पण ऐकलं असं लिहिलं. ते मी शुद्धीवर असताना केलं. आजवर कुणी विचारलं नाही, वहीत लिहिलंय ना. आता तुला सांगितलं, चाचीला पण ठाऊक नाही."

मी विचारलं, "आणि त्या दोस्ताला? तुम्ही त्याला सांगितलंत?"

"त्यानंतर मी त्याच्याशी कधी बोललोच नाही. त्याची हाक आली की मी उत्तर देत नसे. तोही मग थांबला." मग म्हणाले, "त्याला बहुतेक ठाऊकच नाही. बरं आहे, ठाऊक नाही ते."

बाबांना पालीला पोचायला तास लागला असेल. मी चाचांच्या दुकानातून फोन लावला. आईनं उचलला, मी म्हटलं बाबांना दे. ते आल्यावर मी म्हटलं, "बाबा, अकरावा नाही. दुसरा. पाचवा पण नव्हता, नववा पण नव्हता. मी रोज कॉम्प्युटरवर लोकांशी गप्पा मारत होते."

पलीकडून काहीच आलं नाही. मी फोन ठेवला नाही, पुढे काही बोललेही नाही. चाचा माझ्याकडे न बघता काटा बघत बसले होते. शेवटी बाबांनी विचारलं, "परीक्षेला किती दिवस राहिले?"

"एकोणतीस."

"मग रोजची किती पानं होतात ते काढ. आणि मला धडा सांगू नको आता. पान सांग. रोज सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन मी चाचांच्या दारात उभी राहिले. "काम की कंटाळा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही." पहिल्यांदाच कुणी तसं म्हटलं असावं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मगे दोन्हीसाठी बाकडंच बरं."

एकोणतीस दिवस मी त्या बाकड्यावर बसले. कंटाळा गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं निश्चय केला की कंटाळा पळतो. कुठला पळतोय? दुपारी दोनच्या सुमाराला तो येऊन माझ्या बाजूला बसायचा. मी त्याला बसू दिलं. हात आतल्या कॉम्प्युटरकडे वळवळायचे, मी ते पुस्तकाखाली दाबून ठेवायची. सव्वा आणि पाऊण झाला की आतून हाक यायची, "हात वर." मीसुद्धा पेन्सिल खाली ठेवायची आणि तीन मिनिटं समोरचा रस्ता बघायची. पहिल्या आठवड्यात ती तीन मिनिटं सरता सरत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांची वाट बघायला लागले. संध्याकाळी चाचा जुन्या रेडिओचं पोट उघडून माझ्यासमोर ठेवायचे आणि पुस्तकातलं सर्किट बोटानं दाखवायचे. "हे बघ, हे तुझं पान सत्तावन." चाची वरून घावणे पाठवायच्या आणि म्हणायच्या, "एकतरी गिऱ्हाईक टिकलं म्हणायचं."

मी पास झाले. काठावरच झाले, पण काठाच्या अलीकडे नव्हे. डिसेंबरात कागद घेऊन गेले तेव्हा बरण्यांना माझ्याच अक्षरातल्या पट्ट्या लागलेल्या होत्या. ती नोकरी मी आजही करते.

नंतर तीन-चार वर्षांनी, शाळेच्या कामाला रत्नागिरीत गेले असताना, वाट वाकडी करून चाचांकडे गेले. घरोघरी कॉम्प्युटर आणि हातोहाती मोबाइल आले होते, कॅफे ओस पडलं होतं. सहापैकी एकच पडदा चालू. चाची जिन्यातच भेटल्या. "बघ गो जरा ह्यांना," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, तिथून उठत नाहीत. जेवण वाढून ठेवते, थंड होतं. सकाळी उठले की आधी तिकडे, काही आलं का बघायला."

चाचा पाठमोरे बसले होते आणि बोटं कीबोर्डवर पळत होती. मला बघून लहान मुलासारखे खूश झाले. त्याच साइटवर बोटीवरच्या जुन्या वायरलेसवाल्यांचा एक कट्टा होता. तिथे लोक आपापल्या बोटींची अक्षरं टाकून एकमेकांना शोधत. चाचांना तो मिळाला होता. बिर्याणीवाला. केरळात राहतो, बायको वारली, मुलगा परदेशात. "रोज बोलतो आम्ही. सगळं सांगतो तो. काय जेवला, पाऊस किती पडला."

मी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर बघितलं. मासे, गुडघेदुखी, नातवंडं. वर सरकवत गेलं तरी तेच. तीन आठवड्यांचं जेवण. भिंतीवरच्या घड्याळात काटा पाऊणच्या खुणेवर आला आणि लाल फाकेत शिरला. चाचांची बोटं थांबली नाहीत.

"चाचा," मी म्हटलं. "काम की कंटाळा?"

"काम, काम," ते मान न वळवता म्हणाले. सगळी रत्नागिरी म्हणायची तसंच.

"सांगितलंत त्याला?"

ते लिहीतच राहिले. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विचवर हात ठेवला. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. साठी ओलांडलेला माणूस, मला हाताला धरून वर काढलेलं त्यांनी. पण मी हात काढला नाही. "हात वर, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग हळूच दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. बाहेर रिक्षा जात होत्या. मी स्विचपाशी उभी, ते खुर्चीत. मधलं बोट गुडघ्यावर वाजत होतं, तोच ठेका, चार अक्षरं, पुन्हा चार अक्षरं. काटा बाहेर आला.

मग त्यांनी लिहिलं. एक-एक अक्षर शोधत, जणू कीबोर्ड पहिल्यांदाच बघताहेत. इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ एवढाच होता: त्या दिवशी पावणेतीनला आपण दोघं बोलत होतो. मी ऐकायला गेलो नाही. वहीत मात्र गेलो असं लिहिलं. एक बोट हाक मारत होती, तुला ठाऊक आहे का?

उत्तर लगेच आलं नाही. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना काहीतरी चाललंय एवढं कळलं. पडद्यावर पलीकडचा माणूस लिहितोय असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं.

मग आलं. 'ठाऊक आहे. मीही तेच लिहिलं होतं. मला वाटायचं, तुला माहीत नसेल, म्हणून तीन आठवडे मी तुला जेवणाचं विचारत होतो.'

चाचांनी ते दोनदा वाचलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोट थांबलेलं बघितलं. खाली त्यांनी एक ओळ लिहिली, ती मी वाचली नाही, ती माझी नव्हती. मग त्यांनी स्वतःच कॉम्प्युटर बंद केला आणि उठून उभे राहिले.

"झालं?" चाचींनी विचारलं. "काय होतं एवढं, काम की कंटाळा?"

"काम," चाचा म्हणाले. "झालं. वाढ, भूक लागलीय. आणि बस जरा समोर, तुला एक सांगायचं राहिलंय."